चमचाभर मध आणि जुनी कढई

मित्रांनो, तो रविवार अगदी नेहमीसारखा होता. बाबांनी मला गॅसवर चढवलं, तेल सोडलं आणि मी तापायची वाट बघत उभी राहिले. ते शिंपी होते. गळ्यातली मोजपट्टी सुट्टीच्या दिवशीही उतरवायचं त्यांच्या लक्षात राहत नसे.

"बाबा, एक दिवस ही मोजपट्टीच नूडल्स म्हणून खाऊ आपण," लेक म्हणाली.

"खा की! निदान माप तरी बरोबर भरेल."

चिकनच्या पट्ट्या त्यांनी एका रुंदीच्या कापल्या होत्या, कापडाच्या कापाव्यात तशा. लसूण तडतडला, चिकन लालसर झालं, सोया सॉस पडला. मग उकडलेल्या नूडल्स आणि शेवटी चमचाभर मध. बाबांनी स्वतः कधी चव घेतली नाही. चमचा लेकीपुढे धरून ते एवढंच विचारत, "काय कमी आहे?"

तिने फुंकर घातली, डोळे मिटून चाखलं. "मीठ. किंचित."

"कधी तरी खोट काढायची राहू दे की गं!"

"शिंप्याची लेक आहे. उसवून बघितल्याशिवाय कसं कळणार?"

त्यांनी चिमूटभर मीठ भुरभुरवलं. खरं सांगू? मिठाची गरज नव्हती. ते तिला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं. बाबांना ठाऊक होतं की नाही, हे मात्र आजही मला सांगता येत नाही.

मी एक जुनी लोखंडी कढई आहे. लोहाराने मला हातोडीने ठोकून घडवलं. त्या ठोक्यांचे वण अजून माझ्या पोटावर आहेत. या लेकीच्या आईने मला दुकानात बोटांनी वाजवून पाहिलं आणि ती म्हणाली, "ही टिकेल." मी टिकले. आई टिकली नाही. लेक तेव्हा दुसरीत होती.

त्यानंतरच्या पहिल्या रविवारी बाबा स्वयंपाकघरात शिरले. नूडल्सचा पार लगदा झाला होता. तरी चमचा पुढे धरून त्यांनी विचारलं, "काय कमी आहे?"

लेक म्हणाली, "आई."

बाबांनी फळीवरची मधाची बाटली काढली आणि एक चमचा माझ्यात ओतला. त्या दिवसापासून आमच्या नूडल्स गोड-खारट झाल्या. तो प्रश्नही दर रविवारी येत राहिला. लेक मोठी झाली, नोकरीला लागली, पण उत्तरात काही ना काही कमी असायचंच. "काही कमी नाही" हे ती कधीच म्हणाली नाही. म्हणू पुढच्या रविवारी, असं तिला वाटत असावं.

चिमूटभर मिठाच्या त्या रविवारच्या दुसऱ्या दिवशी बाबा दुकानात, मशीनवर बसल्या जागीच गेले. सुईखालची बाही अर्धी शिवायची राहिली.

घरात माणसं आली, गेली. कुणी तरी मला पाणी भरून मोरीत ठेवलं आणि विसरलं. मित्रांनो, लोखंडाला असं पाण्यात सोडू नका. आम्हाला पुसा, कोरडं करा, तेलाचं एक बोट फिरवा. आमचं मागणं तेवढंच असतं. माझ्या अंगावर तांबडा गंज चढला, तेव्हा बाबांची बहीण म्हणाली, "भंगारात दे ही. आता कोण करणार आहे हिच्यात?"

"असू दे, आत्या," लेक म्हणाली. पण मला उचललं नाही. तिला माझ्याकडे बघवत नव्हतं.

मग एका रविवारी तिने बाह्या सरसावल्या. जाड मीठ घालून मला घासघास घासलं, तापवलं, तेल चोळलं, पुन्हा तापवलं. माझा काळा रंग हळूहळू परत आला. तिने चिकन कापलं, एक पट्टी जाड, एक बारीक. लसूण जरा करपला. मधाचा चमचा मात्र तिने अगदी काठोकाठ भरला.

आत्याने चाखलं. "मीठ कमी आहे गं. आणि लसूण कडवट लागतोय."

"हो. आहे."

"दादाच्या हाताला काय चव होती! तू मात्र दर वेळी काही तरी कमीच सांगायचीस. मला फोनवर कौतुकाने सांगायचा, माझ्या लेकीची जीभ फार तिखट आहे म्हणून."

लेकीने गॅस बंद केला. चमच्यात थोड्या नूडल्स घेतल्या, फुंकर घातली, डोळे मिटले. पण चमचा तोंडाशी नेला नाही. माझ्या गरम कडेला तिचा हात टेकला होता. चटका बसत असणार, तरी तिने तो काढला नाही.

"काही कमी नव्हतं, बाबा," ती मोठ्याने म्हणाली. "कधीच काही कमी नव्हतं."