एक्क्याऐंशी टक्के

तातायने पुढे केलेला हात कपाळाला लावायला मी वाकले नाही. आमच्या मोलो गावात हे तोंडावर थुंकण्यापेक्षा फारसं वेगळं मानत नाहीत, आणि मला ते ठाऊक होतं. सोळा वर्षांनी दारात आलेल्या बापाचा हात क्षणभर अधांतरी राहिला. मग त्याने त्याच हाताने गुडघा चोळला, जणू तो त्यासाठीच उचलला होता.

"मानांग, दमून आलीयस, बस तरी," तोतो म्हणाला.

मला मानांग, म्हणजे ताई, म्हणणाऱ्या या धाकट्या भावाने मनिलाहून बोलावलं होतं ते एका होकारासाठी. सेबूला जिच्यासोबत तातायने दुसरं घर थाटलं होतं ती दुल्से वारली होती, तिची दोन्ही मुलं कॅनडाला गेली होती, आणि जन्मभर जहाजांची इंजिनं सांभाळलेल्या तातायला आता आमची मागची खोली हवी होती. आमची आई, नानाय, तीन वर्षांपूर्वी गेली. तिच्यामागे शब्द थोरलीचा, म्हणजे माझा. तो मिळेपर्यंत तातायची पेटी उंबऱ्याबाहेरच होती.

तोतोने मात्र तयारी करून ठेवली होती. जुना फुगीर टीव्ही, त्यावरचा क्रोशाचा रुमाल दूर सारलेला, आणि खाली आमचा लहानपणचा व्हिडिओ गेम.

"भात व्हायला वेळ आहे. तोवर खेळू या की. तू नेहमी मला खड्ड्यात ढकलायचीस, आठवतंय?"

"तू स्वतःच पडायचास."

"खोटारडी!"

खेळण्यातल्या ठोकळ्यांची माणसं, ठोकळ्यांचंच जग. मेलेला माणूस खळ्ळकन विखुरायचा आणि लगेच जुळून उभा राहायचा, म्हणून मरण्यावरही हसता यायचं. खेळायचा दोघांनी मिळून. काही दारं दोन माणसं दोन फरशांवर उभी राहिल्याशिवाय उघडतच नसत. ताताय वर्षातले दोन महिने घरी असे, तेव्हा एक तो आणि दुसरा आमच्यातला जो आधी ओरडेल तो. मध्येच तो उठून गेला, तर त्याच्या पडद्यावरच्या माणसाला यंत्रच चालवी. तो आमच्या मागे मागे येई, आवेशाने तलवार फिरवी, पण त्याच्या वाराने कधी कुणी पडलं नाही. पितृत्वाविषयी मी पुढे पुष्कळ वाचलं. याहून नेमकं काही सापडलं नाही.

शेवटच्या सुट्टीत खेळ एक्क्याऐंशी टक्के झाला होता. "उरलेलं माझ्याशिवाय खेळायचं नाही. शपथ?" त्याने विचारलं. आम्ही घेतली. खेळाची एक प्रत त्याने दुसऱ्या मेमरी कार्डावर उतरवून घेतली; म्हणाला, जहाजावर बघत बसेन, तुम्ही जवळ आहात असं वाटेल. पुढच्या सुट्टीत तो आला नाही. पत्र आलं, त्यात दुल्से होती.

त्यानंतरही वर्षभर तोतो रडून खेळ मागत असे. नऊ वर्षांचा होता. मी त्याला शपथ मोडू दिली नाही. चौदाव्या वर्षी मी निष्ठावान होते. शिक्षण नंतर झालं.

आज आमचं कार्ड उघडेना.

"बुरशी लागली वाटतं," तोतो हिरमुसला.

"थांब, थांब! माझ्याकडे आहे की!" तातायने खिशातून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं कार्ड काढलं. त्याचे डोळे चमकत होते. "सोळा वर्षं जपलंय, साल्विया. सांग, कोणता बाप जपेल?"

तोतोने कार्ड घातलं. पडद्यावर आकडा आला: शंभर.

"ताताय, आपण एक्क्याऐंशीवर होतो ना?"

"हां, ते... तिकडे पोरं खेळायची. मागे लागायची रे. आणि तो शेवटचा टप्पा म्हणजे, बाबा! धाकटीला मी अख्खी रात्र मांडीवर घेऊन..."

तो थांबला. तोतो बटणं दाबत आम्ही बनवलेल्या माणसांच्या यादीपाशी गेला. तिथे नानाय होती: मी घातलेली नर्सची टोपी, तोतोने हट्टाने लावलेली दाढी. खाली नाव होतं दुल्से. दाढी त्यांनी ठेवली होती. विनोद सार्वत्रिक असतो, असं मी वर्गात शिकवते.

तोतोने टीव्ही बंद केला आणि पानं वाढली. तीन.

"पेटी आत येणार नाही," मी पहिल्या घासाआधीच सांगितलं.

"मानांग, खेळ आहे गं तो," तोतो पुटपुटला. त्याचा आवाज नऊ वर्षांचा झाला होता.

"हो. आणि तुझ्या वाटणीचा त्याने दुसऱ्यांना दिला."

ताताय काहीतरी म्हणेल, असं मला वाटत होतं. त्यासाठी उत्तरं मी सोळा वर्षं घोटून ठेवली होती. त्याने फक्त भात थोडा बाजूला सारला. "संध्याकाळची बोट मिळेल अजून," म्हणाला, आणि अर्ध्या जेवणातून उठला. कार्ड त्याने आठवणीने काढून घेतलं.

जेवताना कुणी घराबाहेर निघालं की बसलेल्यांनी आपापलं ताट जागच्या जागी फिरवायचं, म्हणजे जाणारा सुखरूप पोहोचतो. नानाय दर प्रवासाला फिरवायची. त्या शेवटच्या वेळीही. तोतोने मान खाली घालून आपलं फिरवलं आणि माझ्याकडे पाहिलं.

मीही फिरवलं. पूर्ण एक फेरा, भाताचं शीत न सांडता. तो सुखरूप पोहोचावा, अशी माझी मनापासून इच्छा होती. आणि पोहोचल्यावर तिथेच राहावा.