नकाराची जागा

तिला घरात सगळे भिंगरी म्हणत. एका जागी टिकणं तिच्या रक्तातच नव्हतं. वकिली अर्ध्यात सोडली, चित्रकला सोडली, आणि तिशी उलटल्यावर जुन्या ग्रीक पपायरसांच्या, म्हणजे लव्हाळ्याच्या कागदावरच्या लिखाणाच्या, मागे लागली. "भिंगरीच्या हाती भिंग!" म्हणून ताई पोट धरून हसली होती.

तीच ताई आता नवऱ्याचं घर सोडून, मोठी बॅग घेऊन भिंगरीच्या एका खोलीच्या घरात येऊन राहिली होती. मारहाण नाही, दारू नाही. "घरात मी आहे की नाही, हे ह्यांना कळतच नाही ग," एवढंच म्हणायची. सकाळी "परत जाते", संध्याकाळी "मेले तरी जाणार नाही". भिंगरीच्या जिवाला घोर लागला होता.

विद्यापीठातल्या विभागात तिला शिकवणाऱ्या बाईंनी संपादनासाठी पपायरसचा पहिलाच तुकडा दिला होता. तळहाताएवढा, दोन काचांमध्ये बसवलेला, कडेने कुरतडलेला. अक्षरं सलग, शब्दांमध्ये जागाच नाही. बाईंचा दंडक साधा होता: दिसतं ते लिहायचं, अक्षराची शंका असेल तर खाली टिंब द्यायचं, आणि गेलेला मजकूर चौकोनी कंसात. "पण कंसात आपलं घर बांधायचं नाही," त्या बजावत.

भिंगरी दोन अक्षरं वाचायची, उठायची, खिडकीशी जाऊन परत यायची. असं करत वाक्य जुळलं. कुणा बाईने देवाला विचारलं होतं, 'नवऱ्याच्या घरी राहणं माझ्या भल्याचं असेल, तर ही चिठ्ठी काढून दे.' अशा चिठ्ठ्या जोडीने लिहीत, एक होकाराची, एक नकाराची. देवापुढून परत येई ती खरी. ही त्यातली कुठली? 'राहणं'च्या आधी, जिथे 'न', म्हणजे ग्रीकमधला दोन अक्षरांचा नकार, असायचा, नेमकं तिथेच भोक होतं. भोकाच्या काठावर एक काळा ठिपका होता. भिंगरीला तो अक्षराचा पाय वाटला. वाटला कसला, दिसलाच. तिने 'न' भरला, टिंबसुद्धा दिलं नाही, आणि धावत घर गाठलं.

"ताई, 'न राहणं' लिहिलंय!"

भाजी चिरणारी सुरी थांबली. "देवाने सांगितलं तिला? राहू नको म्हणून?"

"हो," भिंगरी बोलून गेली.

त्या संध्याकाळी ताई कितीतरी दिवसांनी पोटभर जेवली. भाऊजींचा फोन वाजत राहिला, तिने उचलला नाही.

दुसऱ्या दिवशी बाईंनी काच सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली.

"ही शाई नाही. पपायरसचाच काळा पडलेला धागा आहे."

"पण बाई, जागा तर दोन अक्षरांची आहे ना?"

"आहे. पण खडबडीत भाग आला की लिहिणारे तो सोडून पुढे लिहीत. इथे 'न' असेल, नाहीतर काहीच नसेल." बाईंनी चष्मा काढला. "हे तू वाचलंस, की तुला हवं होतं?"

भिंगरीने कंसातला 'न' खोडला.

घरी जाताना ती मुद्दाम लांबच्या रस्त्याने गेली. नाही सांगितलं तर कुणाचं काय बिघडणार होतं? पण ताईला पाहिलं आणि एका दमात सांगून टाकलं. "मी चुकले. तिथे 'न' होता की नाही, कळतच नाही. अशा चिठ्ठ्या जोडीने देत, एक राहण्याची, एक न राहण्याची. ही कुठली, कुणास ठाऊक."

"म्हणजे तिने दोन्ही चिठ्ठ्या दिल्या होत्या?"

"दोन्ही."

"देवाच्या गळ्यात घोंगडं अडकवून मोकळी! माझ्यासारखीच." ताई हसली, आणि लगेच भडकली. "आणि तू ग? जाऊ नकोस, असं सरळ सांगता येत नव्हतं? देवाच्या आडून कशाला?"

"जाऊ नकोस."

"जाणार. उद्याच. त्यांच्यासमोर बसून बोलणार आहे. मग काय ते माझं मी ठरवीन."

ताई गेली. भिंगरीने कंस रिकामा ठेवला, खाली दोन्ही शक्यता लिहिल्या आणि दर दोन ओळींनी फोन पाहिला. बाईंनी पान वाचून मान डोलावली, पुढचा तुकडा दिला. ताईचा निरोप आला, "अजून बोलणं संपलं नाही."

आठवडा उलटल्यावर ताई गाडीतून आपलं शिलाई मशीन घेऊन राहायलाच आली. ते उतरवायला भाऊजींनीच हात लावला. दारात उभ्या उभ्या चहा घेतला आणि निघाले. ते कोपऱ्यावर वळेपर्यंत ताई खिडकीतून बघत होती.

"बरं केलंस ना?" भिंगरीने विचारलं.

"काय माहीत," ताई म्हणाली. "ते मशीन आधी भिंतीला लाव. दार उघडत नाहीये."