नदीतली कस्तुरा

आमच्या रिठदच्या नदीत मोठ्या पुरानंतर एक नवं रोप आलं. कुठून आलं ते कुणाला ठाऊक नाही. हिवाळा सरताना पाणी आटलं की वाळूला चिकटून त्याची पानं गोल पसरायची. पाथरीही तशीच पसरते, तिथेच, त्याच ओलीवर. पाथरी भाजी आहे, बाळंतिणीला दूध यावं म्हणून देतात, म्हणून तिला नाव आहे. या नव्याला गुरंही तोंड लावत नसत, मग नाव कोण ठेवणार? आणि ज्याला नाव नाही, त्याच्यापासून जपा असं पोरीबाळींना सांगायचं तरी कसं?

ही गोष्ट इंग्रजांच्या अमदानीतली. मी त्या घरात नवी सून होते. माझी नणंद अंजना पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. मुलगा झाला, पण दूध पुरत नव्हतं. पोर भुकेनं रडायचं आणि सासूबाई, म्हणजे कस्तुराबाई, त्याच्याहून जास्त कासावीस व्हायच्या. बारशाला रिसोडहून विहीणबाई येणार होत्या. नातू हडकलेला दिसला तर माहेराची काय लाज राहील, हे एकच त्यांच्या डोक्यात. बारशाच्या दिवशी पुरतं उजाडलंही नव्हतं, तेव्हा त्या नदीवर गेल्या आणि टोपलीभर पाथरी घेऊन आल्या. स्वतः चिरली, स्वतः शिजवली, अंजनाच्या पुढ्यात बसून तिला खायला लावली.

"कडू लागते वं माय."

"पाथरी कडूच राह्यते. सारी खाय, टाकू नोको."

अंजनानं पितळी पुसून खाल्ली. मी चुलीपाशी पुरण शिजवत होते. सासूबाई मागच्या दारात पितळी घासायला बसल्या आणि घासता घासता थांबल्या. राख लावली तरी बोटं चिकटच. त्यांनी बोटं नाकाशी नेली, पुन्हा नेली, आणि पितळी तिथेच टाकून देठांच्या ढिगाशी गेल्या. एक देठ मोडलं, पाथरीचं पांढरं दूध आलं. दुसरं मोडलं, दूध आलं. तिसरं मोडलं ते कोरडंच.

"इकडं ये," त्या मला म्हणाल्या. "हुंग हे."

मी हुंगलं. मामंजींच्या चंचीचा वास. माझे सासरे उकंडराव उठल्यापासून निजेपर्यंत तंबाखू मळत. धोतराला, घोंगडीला, उंबऱ्याला, साऱ्या घराला तोच वास. सकाळी टोपलीतूनही तो आला होता; सासूबाईंना वाटलं, धनी आताच इथून गेले असतील. आमच्या घरात तंबाखूची भाजी शिजली तरी कुणाला कळणार नव्हतं, आणि तसंच झालं.

"तंबाखू वानीचं हाये हे काहीतरी," त्या म्हणाल्या. त्यांचे ओठ पांढरे पडले होते. "पाथरीत मिसयलं. अंधारात म्या मुठीनं ओढलं."

"आता सांगा ना साऱ्यायले."

"अन् इहीनबाई? त्या म्हन्तीन मायनं इख घातलं. पोरगी तुटन माह्यापासून." मग स्वतःशीच म्हणाल्या, "थोडंसंच असन. पाथरीच जास्त होती. काही नाही व्हनार."

त्याच वेळी दारात बैलांच्या घुंगरांचा आवाज झाला. रिसोडची दमणी आली.

पुढचा तासभर आठवला की आजही मला घाम फुटतो. पाहुण्यांना पाय धुवायला पाणी दे, गूळ-पाणी दे, हसून बोल, आणि कान सारे बाळंतिणीच्या खोलीकडे. सासूबाई दर घटकेला काही तरी निमित्त काढून आत जायच्या, अंजनाच्या कपाळाला हात लावायच्या. पहिल्यांदा बाहेर आल्या तेव्हा म्हणाल्या, बरी आहे. दुसऱ्यांदा तांब्या भरून घेऊन लगेच परत आत वळल्या. तिसऱ्यांदा आतूनच अंजनाच्या ओकारीचा आवाज आला.

विहीणबाई, मनकर्णाबाई, सगळ्यांच्या आधी आत शिरल्या. अंजना घामानं थबथबली होती. हातपाय गार, तोंडाला पाणी सुटलेलं, घर फिरतंय म्हणून तिनं बाज घट्ट धरलेली. मनकर्णाबाई दुष्ट होत्या असं मी मुळीच म्हणणार नाही. पण पहिला नातू, सून अशी पडलेली, आणि दाराशी पाळण्याला झेंडूची माळ बांधत बसलेली सोजरबाई त्यांच्या नजरेला पडली.

सोजरबाई आमची शेजारीण. विधवा. बाळंतपणात रात्रभर अंजनाची कंबर तिनंच धरली होती, म्हणून सासूबाईंनी तिला मानानं बोलावलं होतं.

"या रांडमुंड बाईले पाळन्याले हात कोनं लावू देल्ला?" मनकर्णाबाई कडाडल्या. "तरीच! इनंच नजर लावली माह्या सुनेले. ऊठ, निंघ आंधी इथून!"

सोजरबाईनं माळ हळूच खाली ठेवली आणि उठून अंगणात जाऊन उभी राहिली. मी सासूबाईंकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली होती. मीठ-मोहऱ्या आल्या, ओवाळून चुलीत पडल्या, तडतडल्या, आणि सगळ्या बायकांना पटलं की नजरच होती. सासूबाईंनी आता नुसतं गप्प राहायचं, एवढंच उरलं होतं. अंजना सावरली असती, बारसं झालं असतं, आणि शेजारच्या विधवेवर आणखी एक डाग बसला असता. तिच्यावरचे डाग मोजतं कोण?

पण पोर जागं झालं. त्यानं भोकाड पसरलं, आणि बाजेवरची अंजना डोळे न उघडताच हसली.

"माय, दूध आलं," ती म्हणाली. "पाह्य ना, चोळी भिजली."

खरंच भिजली होती. पाथरीनं आपलं काम चोख केलं होतं. इतके दिवस ज्याची वाट पाहिली ते दूध आलं, आणि मला ते पाहून धडकी भरली. मनकर्णाबाईंनी आनंदानं पोराला उचललं, त्याचं तोंड पुसलं.

"घे वं बाई, पाज त्याले. तुलेही हलकं वाटन."

अंजनानं हात पसरले. पोरानं मान वळवून तोंड उघडलं.

"नोका!"

सासूबाईंनी झडप घालून पोर हिसकून घेतलं. इतक्या जोरानं की ते रडायचंही थांबलं.

"पाजू नोका," त्या म्हणाल्या. आवाज फाटला होता. "म्या तिले तंबाखू चारली. पाथरी समजून नदीतून आनली. तेच दुधात उतरलं असन. सोजराची नजर नाही अन् काही नाही. म्या केलं."

मनकर्णाबाईंना आधी कळलंच नाही, आणि कळलं तेव्हा त्या बाजेच्या कडेवर मटकन बसल्या.

"सख्ख्या मायनं?" एवढंच त्या म्हणाल्या.

दिवसभर पोराला सोजरबाईच्या शेळीचं दूध कापसाच्या बोळ्यानं पाजलं. तिनं वाटी उंबऱ्याबाहेरूनच दिली, आत यायला तिला कुणी म्हटलं नाही. अंजनाचं दूध पिळून राखेत टाकलं. तिला पुन्हा पुन्हा पाणी पाजलं, आणि दिवेलागणीपर्यंत तिचे हातपाय ऊन झाले. सासूबाई तोवर तिच्या पायाशी बसून होत्या, कुणी उठा म्हटलं तरी उठल्या नाहीत. पुरण तसंच आंबून गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दमणी जुंपली. मनकर्णाबाईंनी नातवाला पदराखाली घेतलं आणि उकंडरावांना म्हणाल्या, "पोरगी आमची हाये आता. या उंबऱ्यावर तिचा पाय पुन्हा लागनार नाही." अंजना गाडीतून वळून वळून पाहत होती. बारसं पुढे रिसोडलाच झालं. नातवाचं नाव आम्हाला बाजाराहून आलेल्या माणसाकडून कळलं.

इकडे गावानं रोपाचं बारसं उरकलं. भाजीला गेलेल्या पोरी एकमेकींना चिडवू लागल्या, "पाह्य वं, कस्तुरा त नाही ना ओढली?" महिन्याभरात पोरंटोरं, गुराखी, सारे त्या रोपाला कस्तुरा म्हणायला लागले. मामंजी संतापानं नदीत उतरले आणि दिसेल तेवढी कस्तुरा उपटून आले. पण तिचं बी तपकिरीसारखं बारीक. पुढल्या हिवाळ्यात पहिल्याहून जास्त आली. वाशीमचे एक मास्तर सांगून गेले की ही रानतंबाखू, परमुलखातून आलेली, शास्त्रात तिला मोठं लांबलचक नाव आहे. गावानं मान डोलावली आणि कस्तुराच म्हणत राहिलं.

सासूबाई मात्र तिला कधीच काही म्हणाल्या नाहीत. पण त्यांच्याइतकं त्या रोपाकडे कुणी पाहिलं नसेल. पान ओलसर चिकट, अंगावर बारीक लव. मधून दांडा वर येतो, त्यावर लांब बारीक नळीसारखं फिकट फूल, ते संध्याकाळी उमलतं आणि उन्हात मिटतं. हे सगळं त्यांनी मला दाखवलं, एकदाही नाव न घेता. नदीवर बायका दिसल्या की त्या वाट बदलायच्या. कुणी "कस्तुरा" म्हटलं की त्या मागे वळून पाहायच्या, आणि मग आपल्याला नाही, झाडाला म्हटलं हे त्यांच्या लक्षात यायचं. मला गावाचा असा राग यायचा की काय सांगू.

बरीच वर्षं गेली. अंजना आली नाही. मनकर्णाबाई वारल्या तरी अंजनाच्या नवऱ्यानं आईचा शब्द मोडला नाही. मग एकदा मी रिसोडच्या बाजाराला गेले. एका माळणीकडे पाथरीच्या जुड्या होत्या. मी हात घातला, तर ती म्हणाली, थांबा, आणि जुडी सोडून एक एक देठ मोडून मला दूध दाखवू लागली.

"हे काहून करून राह्यली?"

"कस्तुरा हाये का पाहून राह्यली. आमच्या गल्लीत अंजनाबाई हाये, तिनं साऱ्यायले शिकवलं. कोनाच्या घरी बायंतीन असली का हे बाई जाऊन भाजी तपासून येते."

माझा हात तिथेच राहिला. "कस्तुरा म्हन्जे काय, सांगते का थे?"

"सांगते ना. म्हन्ते, कस्तुरा माह्या मायचं नाव. तिनं साऱ्यायसमोर तोंड उघडलं म्हून माहं लेकरू वाचलं. लोक लाजेपायी गप राह्यतात, माही माय नाही राह्यली."

घरी आले आणि डोक्यावरची टोपलीही न उतरवता सासूबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. पुन्हा सांगायला लावलं. मग पदरानं तोंड झाकून त्या मनसोक्त रडल्या, आणि मी त्यांना रडू दिलं.

दुसऱ्या दिवशी त्या माझ्याबरोबर नदीवर आल्या. बायका भाजी खुडत होत्या. एक नवी सून पाथरीच्या शेजारचं चिकट पान ओढायला वाकली होती. सासूबाई वाट न बदलता सरळ तिच्यापाशी गेल्या आणि तिचा हात धरला.

"हे नोको घेऊ, बाई," त्या म्हणाल्या. "हे कस्तुरा होय."