चार पट्ट्या खाली

रेडिओवर बेबीची मुलाखत लागली तेव्हा मी मटार सोलत होते. आमचा नवा अल्बम त्याच दिवशी दुपारी लोकांसमोर यायचा होता, म्हणून मुद्दाम आवाज मोठा करून बसले होते. मुलाखत घेणारीने विचारलं, "ताई, एकतीस वर्षं जॅझ गाताय, आवाज अजून तसाच कसा?" आणि आमच्या बाईसाहेब म्हणाल्या, "रियाज, दुसरं काय! माझी पट्टी एकतीस वर्षांत एका घरानेही उतरलेली नाही. म्हणून तर अल्बमचं नाव 'तोच सूर'." इथवर मी हसलेसुद्धा. मग ती म्हणाली, "वहिनीची बोटं मात्र आता थकली हो. पुढच्या महिन्यापासून दौऱ्याला नवा पियानोवाला घेतोय आम्ही."

वहिनी म्हणजे मी. बेबी माझी धाकटी नणंद, वय वर्षं अठ्ठावन्न, तरी बेबीच. नणंद-भावजयीचं एका घरात पटत नाही म्हणतात; आम्ही एका स्टेजवर एकतीस वर्षं काढली. हॉटेलांच्या लॉबीत, लोक सूप भुरकत असताना वाजवलंय मी. तिचं बाळंतपण, माझं ऑपरेशन, सगळं कार्यक्रमांच्या तारखा बघून झालं. आणि मला काढलंय हे मला रेडिओवरून कळतं! तळपायाची आग मस्तकात गेली. भानावर आले तेव्हा टरफलं पातेल्यात होती आणि दाणे कचऱ्याच्या डब्यात.

"ऐकलंत तुमच्या बहिणीचं?" मी नवऱ्याला विचारलं.

"जाऊ दे ना," ते पेपरातून म्हणाले. "ती पहिल्यापासून तशीच आहे."

ती पहिल्यापासून तशीच, म्हणून पहिल्यापासून मीच जाऊ द्यायचं. हा या घरातला कायदा.

आता तिच्या त्या न उतरलेल्या पट्टीचं खरं काय ते सांगते. 'जिना' नावाचं आमचं सगळ्यात जुनं गाणं आहे. त्याच्या शेवटी आवाज पायरी पायरी चढत जातो आणि वर जाऊन थांबतो. एकोणीस वर्षांपूर्वी बेबी महिनाभर घशाने आजारी होती. उठल्यावर तालमीत तो वरचा सूर तिला लागेना. तीनदा फाटला. ती स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून रडली, म्हणजे मला ऐकू येऊ नये म्हणून. दुसऱ्या दिवशी मी काही न बोलता अख्खं गाणं पियानोवर एक पट्टी डावीकडे, म्हणजे खालच्या सुरात, सरकवून वाजवलं. बेबीला नोटेशन वाचता येत नाही, पियानो येत नाही. माझे पहिले दोन-चार सूर ऐकते आणि त्यावर उभी राहते. त्या दिवशी सूर लागला. "बघ वहिनी, आला ना!" म्हणून माझ्या गळ्यात पडली. मी म्हटलं, आला गं बाई.

मग दर चार-पाच वर्षांनी आणखी एक. आज ती चार पट्ट्या खाली गाते, आणि एकच गाणं नाही, सगळीच. रेकॉर्डिस्टच्या लक्षात आलं होतं, त्याला मी डोळ्यांनी गप्प केलं. झाकली मूठ सव्वा लाखाची. या नव्या अल्बममधलं एकूण एक गाणं असंच आहे. आणि आता तो नवा माणूस येणार, आमच्या जुन्या कागदांवर लिहिलंय तसं वाजवणार, आणि बेबी पहिल्याच कार्यक्रमात तोंडावर आपटणार. रेकॉर्डिस्ट सोडला तर हे जगात एकट्या मला ठाऊक होतं. सांगायलाच हवं होतं, आणि मी सांगणारही होते, देवाशप्पथ.

चार वाजता अल्बमच्या प्रकाशनाचा कार्यक्रम, तीनला मी हॉलवर. बेबी आरशासमोर लिपस्टिक लावत बसली होती.

"ऐकलीस का मुलाखत? छान झाली ना?"

तिला आरशात माझं तोंड दिसलं असावं.

"अगं, मनावर नाही ना घेतलंस? रेकॉर्ड कंपनीचं म्हणणं पडलं, नवा चेहरा हवा. आणि खरं सांगू, तुझ्यासाठी मला थांबावं लागतं गं हल्ली. तुलाही आरामच मिळेल."

माझ्यासाठी थांबावं लागतं! गरज सरो, वैद्य मरो, हे मी समजू शकते. पण वैद्यालाच आजारी ठरवायचं? मी तोंड उघडलं होतं, एकोणीस वर्षांचं सगळं जिभेवर आलं होतं, तेवढ्यात कंपनीवाल्याने दारातून टकटक केली. "चला, दोघी चला, हॉल भरलाय." आणि मी गप्प बसले. तिथेच माझ्या मनात पाप आलं.

पहिलंच गाणं 'जिना'. मी बाकावर बसले आणि मूळ पट्टीत सुरुवात केली. कागदावर आहे तशी, एका घराचाही फरक न करता. तुला तोच सूर हवाय ना, घे तोच सूर.

बेबीने नेहमीसारखा पियानोवर हात ठेवून सूर धरला. खालच्या ओळी निभावल्या. दुसऱ्या कडव्यात तिची बोटं लाकडावर घट्ट झाली, मानेची शीर वर आली. मधे चार मात्रांची मोकळी जागा होती. तिथे मला हळूच खाली उतरता आलं असतं, कुणाला कळलंही नसतं. मी उतरले नाही. ती पायऱ्या चढत गेली आणि शेवटच्या पायरीवर तिचा आवाज फाटला. गंजलेलं दार करकरावं तसा. समोर बसलेल्या दोनशे माणसांनी तो ऐकला.

मला वाटलं होतं, बरं वाटेल. मेलं काही बरं वाटलं नाही.

बेबी माइकपासून दूर झाली आणि माझ्या कानाशी वाकली. मूर्ख नाही ती; एरवी मी खाली वाजवते हे तिने ओळखलं होतं. "किती?" तिने विचारलं.

"चार."

"केव्हापासून?"

"तुझ्या घशाच्या आजारापासून."

"एकोणीस वर्षं बोलली नाहीस आणि आज सांगतेस? इथे? सगळ्यांसमोर?"

"तू मला रेडिओवर सांगितलंस, बेबी."

ती वळली, माइक धरला आणि गोड हसली. "माफ करा हं. वहिनीची पट्टी जरा चुकली. परत सुरू करतो." लोक हसले, टाळ्यासुद्धा वाजवल्या. नाचता येईना अंगण वाकडं! वाटलं, उठावं, तो माइक घ्यावा आणि सगळं सांगून टाकावं.

पण मग तिने माझ्या हातांकडे पाहिलं. एकतीस वर्षांत ती लोकांकडे बघून गायली, माझ्या हातांकडे कधी नाही. मी कुठे हात ठेवते ते बघत होती, आणि बघूनही तिला काही समजणार नव्हतं. मी वाजवीन तिथून तिला चढावं लागणार होतं.

मी चार पट्ट्या खाली वाजवलं. दया आली असेल तर मला कळलं नाही, रागाने कान तापले होते. पण ते गाणं आम्ही दोघींनी मिळून बांधलंय आणि त्याचा शेवटचा सूर मला दुसऱ्यांदा फाटलेला ऐकायचा नव्हता. बेबी चढली आणि वर जाऊन थांबली, भरल्या आवाजात, हलली नाही. हॉल उभा राहिला.

नमस्काराला वाकताना तिने माझा हात धरला. तळवा ओला होता. लोकांकडे हसत, ओठ न हलवता म्हणाली, "दौऱ्याला तूच चल. मी कंपनीशी बोलते."

"नाही."

"वहिनी, अगं, त्या नव्याला काय माहीत—"

"मग सांग त्याला. चार खाली म्हणावं. स्वतःच्या तोंडाने सांग. आणि चार-पाच वर्षांनी पाच सांग."

तिने हात आणखी घट्ट आवळला. टाळ्या चालूच होत्या. मी तिचं एकेक बोट सोडवलं आणि माझा हात काढून घेतला.