गाठ मारलेल्या माश्या

मासेमारीच्या मोसमाचा शेवटचा दिवस. इडवालने पुलावरून खाली पाहिलं. पावसाने टेइफी नदीचं पाणी चहासारखं झालं होतं, पण मधोमध असलेल्या 'डुकरीण' खडकाची पाठ कोरडी होती. ती भिजली की नदीत कुणी उतरत नाही. म्हणजे आज उतरावं लागणार.

वसंतात अर्धांगाचा झटका येऊन गेल्यापासून त्याचा उजवा हात थरथरायचा. गळाची काठी कशीबशी फिरवता यायची. पण केसाएवढा दोरा आमिषाच्या खोट्या, पिसांच्या माशीत ओवून गाठ मारायची? स्वयंपाकघरात बसून करून बघितलं होतं, नाहीच जमलं. आणि ट्राउट मासा म्हणजे नखरेल. पाण्यावर जे किडे उडतात तसलीच माशी हवी, म्हणजे सारखी बदलायची. दरवेळी कुणाच्या हातापाया पडायचं? त्याने ग्विलिमला सांगूनच टाकलं होतं, "यंदा नाही जमलं तर काठी तुझी."

ग्विलिम काठावर बसला होता. चाळीस वर्षांचा जोडीदार.

"आलास का म्हाताऱ्या? मला वाटलं काठी कुरियरने पाठवतोयस."

"मर तू."

ग्विलिमने खिशातून तंबाखूची चपटी डबी काढली. "हे घे. मामाच्या माश्या. माळ्यावर सापडल्या. कसर लागलीय, फेकणारच होतो."

प्रत्येक माशीला वीतभर दोरा आधीच बांधलेला, टोकाला फास. जुन्या काळी अशाच असायच्या. फासात फास अडकवायचा, ओढायचं, झालं. गाठ नकोच.

इडवालने एक डोळ्यांजवळ धरली. रेशीम नवंकोरं. पीस तांबडं, टोकाला काळं. मामा जाऊन तीस वर्षं झाली. आणि या पिसांचा मालक तर ईस्टरला ग्विलिमच्या अंगणात इडवालच्या पोटरीला चोच मारून गेला होता.

"मामाचा कोंबडा बराच जगला रे."

"आमच्याकडे सगळेच चिवट. गप मासे धर."

इडवाल पाण्यात उतरला. पहिल्या माशीला कुणी विचारलं नाही. त्याने ती स्वतः काढली, दुसरी अडकवली. तीही काढली. तिसरी झाडाच्या सावलीत पडली आणि दोरा ताणला गेला.

ओल्या हातात ट्राउट धरला तेव्हा थरथरतंय कोण, हात की मासा, तेच कळेना. त्याने तो अलगद सोडून दिला.

"एवढुसा तर होता," ग्विलिम काठावरून ओरडला. "मग, काठी माझी ना?"

"काठी विसर." इडवालने डबी छातीच्या खिशात टाकली. "कोंबड्याला नीट खायला घाल. मार्चमध्ये मोसम उघडला की पिसं लागतील मला."