घरघर

दादाच्या दोन इलेक्ट्रिक गिटार होत्या, एक लाल, एक काळी. त्यातली एक आज संध्याकाळी त्याचा ड्रमवाला मित्र ढोल्या नेणार होता. दवाखान्यातल्या खाटेवरूनच दादाने वाटणी केली होती: "चिमणीला आवडेल ती तिची, उरलेली ढोल्याची." त्याला जाऊन चार महिने झाले, तरी चिमणीचं काही ठरत नव्हतं.

शेवटी तिने शाळेतलं डोकं चालवलं. दोन्ही गिटार दुरुस्तीवाल्या काकांच्या दुकानात नेल्या, वहीत तक्ता आखला. एकच अ‍ॅम्प, एकच धून, शंभरपैकी गुण!

"बोर्डाची परीक्षाच की गं," काका म्हणाले. "बरं, मी सुपरवायझर."

लालच्या तारांखाली आवाज टिपणारे तीन बारीक पिकअप, तारेच्या एकेका गुंडाळीचे. आवाज पेल्यावर चमचा वाजवावा तसा लख्ख, पण हात काढला की अ‍ॅम्पमधून घर्रर्र सुरू. काळीचे पिकअप दोनच, रुंद, जोडगुंडाळीचे. एका गुंडाळीने ओढून आणलेली घरघर दुसरी खोडून टाकते. आवाज सायीसारखा दाट आणि थांबलं की चिडीचूप.

चिमणीने घरघरीचे वीस गुण कापले. आईसुद्धा स्वयंपाकघरातून रोज दादावर ओरडायची, "अरे, ती भुंग्यांची शाळा सोड आता!" काळी पहिली आली. चिमणीने निकालाखाली दोन रेघा ओढल्या आणि ढोल्याला कळवूनही टाकलं: लाल तुझी.

"आता दादाच्या हातात लाल कशी वाजायची ते ऐका," म्हणत तिने फोनवर दादाचं शेवटचं रेकॉर्डिंग लावलं.

घर्रर्र. मग एकदम शांत. मग पहिला सूर.

"काका, घरघर मध्येच कशी गेली? त्याने काही बंद केलं?"

"छे गं. तारांना माणसाचा हात लागला की ती बसते. दादाने तिथे हात ठेवला बघ, वाजवायच्या आधी."

चिमणीने पुन्हा लावलं. घर्रर्र. शांत. हा दादाचा हात. ती पुन्हा पुन्हा तेवढंच ऐकत राहिली, आणि मग तिला आठवलं. दादाची लालवरची बाकीची बावीस रेकॉर्डिंग तिनेच बसून साफ केली होती. सुरुवातीची घरघर कापून, थेट पहिल्या सुरापासून. केवढी शाबासकी घेतली होती त्याची सगळ्यांकडून! बावीस वेळा दादाने हात ठेवला होता, आणि बावीस वेळा तिने तो कापून फेकला होता. हे एकच तेवढं आळसाने राहिलं होतं.

काकांनी तक्त्याची वही हळूच मिटली.

संध्याकाळी ढोल्या आला तेव्हा तिने काळी पुढे केली. "फोनवर चुकीचं बोलले रे."

"मला काय," ढोल्या म्हणाला, "मी दोन्हींवर काठ्याच मारणार." कुणी हसलं नाही. तोही नाही.

तो गेल्यावर चिमणीने दादाच्या खोलीत लाल अ‍ॅम्पला जोडली आणि तारांना हात न लावता मांडीवर नुसती धरून बसली. घर्रर्र. सवयीने ती स्वयंपाकघरातून येणाऱ्या ओरड्याची वाट बघू लागली. त्याऐवजी आईच दारात आली. चिमणीने तिला हाताचं सगळं सांगितलं, कापलेलंही.

आई जवळ आली. मग तिने पदराला हात पुसून तळवा तारांवर टेकवला. खोली गप्प झाली.

"असा ठेवायचा?"

"हं. असाच."

आईने हात उचलला. घर्रर्र.

"बंद करू, आई?"

"नको," आई खाली बसत म्हणाली. "राहू दे चालू."