ताईला कधी लागतच नाही

“लागलं नाही! मला लागलंच नाही!”

दोन घट्ट वेण्या, खरचटलेले गुडघे आणि आभाळाला भोक पाडणारा तो आवाज. चिंध्यांचा चेंडू तिच्या पाठीत धप्पकन बसलेला सगळ्या गल्लीनं ऐकलेला असायचा. तरी ताई गर्रकन वळायची, कमरेवर हात ठेवायची आणि पापणीही न हलवता सांगायची, की नाही लागलं. धाकटा भाऊ रडकुंडीला यायचा, बाहीनं नाक पुसायचा आणि पुन्हा चेंडू आणायला धावायचा.

वेण्या गेल्या, गुडघे कुरकुरायला लागले, ती गल्ली कुठल्या कुठे राहिली. आवाज तेवढा धाकट्याच्या कानात मुक्काम ठोकून राहिला.

धाकट्याचे पुढे मिशीनमास्तर झाले. शिलाईची मशीन कसलीही असो, पायाची, विजेची, हट्टी, म्हातारी. मास्तरांनी कान लावला की ती आपलं दुखणं सांगायची आणि दोन थेंब तेल पिऊन गुणगुणायला लागायची. ताई झाली नर्स. “अजिबात दुखणार नाही हं,” असं हसतमुखानं सांगत तिनं जन्मभर लोकांना सुया टोचल्या. खऱ्याशी तिचं नातं पहिल्यापासून असं ऐसपैस.

आणि मग, दोघांचेही केस पिकल्यावर, ताईच्या लेकीनं त्यांना एअरसॉफ्ट खेळायला नेलं.

शहराच्या कडेला बुटांचा एक बंद पडलेला कारखाना होता. तिथं दर रविवारी चांगली शहाणीसुरती माणसं डोळ्यांवर जाड चष्मे आणि तोंडावर जाळीचे मुखवटे चढवून, खोट्या बंदुकांनी एकमेकांवर प्लॅस्टिकच्या इवल्याशा गोळ्या झाडत. भाची त्या खेळाची पंच. तिनं पहिल्याच दिवशी नियम सांगितला, “मामा, या गोळीचा डाग पडत नाही. ज्याला लागली त्यानंच हात वर करायचा, ‘लागली’ म्हणायचं आणि बाहेर यायचं. दुसऱ्यानं सांगून चालत नाही. सगळा खेळ इमानावर.”

मास्तरांनी ताईकडे पाहिलं. ताई छताकडे पाहत होती.

पुढचं काय सांगायचं?

“ताई, टक् वाजलं!”

“गुडघा वाजला माझा.”

“जाकिटावर आपटली, मी डोळ्यांनी पाहिली!”

“चष्मा पूस आधी. म्हातारा झालास.”

ताईची एक लाडकी जागा होती. कारखान्याच्या मागच्या बाजूला, बुटांच्या रिकाम्या फळ्यांमधून जाणारी एक अरुंद बोळ, आणि बोळीच्या टोकाला काटकोनात वळण. वळणापलीकडे पिंपाआड ताई कोंबडीसारखी बसून राहायची. मास्तरांकडे भाड्यानं मिळालेली लांबलचक बंदूक. वळणाशी आधी नळी पोचायची, मग बरीच नळी, आणि सगळ्यांत शेवटी मास्तर. तोवर ताईनं त्यांना टिपलेलं असायचं. मास्तर इमानी माणूस. “लागली!” म्हणून हात वर करून निमूट बाहेर यायचे. कधी चुकूनमाकून त्यांची गोळी तिला लागलीच, तर ती अर्थातच लागायची नाही.

दोघांची वादावादी ऐकायला बाकीचे खेळाडू डाव सोडून गोळा होऊ लागले, तशी भाची वैतागली. “आता बास! येता रविवार शेवटचा. त्यानंतर तुम्ही दोघं कायम एकाच बाजूला.”

म्हणजे उरला एकच रविवार. जन्मात एकदा, फक्त एकदा, ताईच्या तोंडून ‘लागली’ ऐकायचं, एवढीच मास्तरांची मागणी होती. साठीच्या माणसानं जगाकडे याहून कमी काय मागावं?

मास्तर उठले ते थेट बंदुकांच्या दुकानात गेले.

“आखूड हवी,” ते म्हणाले. “पण मार आखूड नको.”

दुकानदार बाई मोठी हसरी होती. तिनं काचेखालून एक बुटकं, जाडजूड, काळं प्रकरण काढून समोर ठेवलं. “मग ही बुलपप घ्या. हिच्या गोळ्यांची पेटी चापाच्या पुढं नसते, मागं असते, थेट खांद्याला टेकणाऱ्या दस्त्यात. म्हणून नळी पुरेशी लांब, पण अंगानं आटोपशीर.”

मास्तरांना ती बघताक्षणी आवडली. एखादी बुटकी, खमकी मावशी लुगड्याचा बोंगा सावरून उभी असावी, तशी दिसत होती.

“थांबा, भाळू नका,” बाई म्हणाली. “हिचा दस्ता मागंपुढं सरकत नाही. कोपराच्या खोबणीत टेकवा बघू. बोट चापापर्यंत पोचतं?”

पोचलं. अगदी शिवून घेतल्यासारखं.

“आता पेटी बदलून दाखवा. न बघता.”

इथं मास्तरांची त्रेधा उडाली. पेटी थेट काखेपाशी. हात मागं नेला तर कोपर कपाटाला लागलं, मान वळवली तर टोपी पडली. पाठ खाजवणाऱ्या माणसासारखं स्वतःभोवती एक गिरकी घेऊन झाल्यावर ती कशीबशी खट् करून बसली. बाईनं टाळ्या वाजवल्या. मग मास्तर दोन कपाटांच्या फटीत शिरले, पाठ भिंतीला लावून सरकले, कोपऱ्यावरून पटकन डोकावले आणि तोंडानं “धडाड!” म्हणाले. पलीकडे चष्मे बघत उभा असलेला एक गृहस्थ दचकून “लागली!” म्हणाला. इतका सज्जन माणूस मास्तरांनी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. त्यांनी बंदूक घेतली.

निघताना बाईनं पथ्यपाणी सांगितलं. खेळून आल्यावर पेटी काढायची, आत गोळी अडकली नाही ना ते बघायचं, मऊ फडक्यानं नळी पुसायची. ठेवण्याआधी दोनदा रिकामी झाडायची म्हणजे आतली स्प्रिंग ताणलेली राहत नाही. बॅटरी वेगळी ठेवायची. “आणि तेल हेच,” तिनं एक चिमुकली बाटली पुढं केली. “सिलिकॉनचं. नळीच्या मुळाशी रबराची एक नाजूक बाही असते. ती गोळीला उलटी गिरकी देते, म्हणून गोळी तरंगत लांब जाते. त्या रबराला दुसरं तेल बाधतं.”

“तेलाचं मला सांगता?” मास्तर हसले. प्रेमानंच हसले.

दुसऱ्या दिवशी आपल्या दुकानातल्या मशिनी बाजूला सारून मास्तरांनी बुलपप टेबलावर निजवली. नळी पुसली, स्प्रिंग सैल केली, बॅटरी काढली; सारं बाईनं सांगितलं तसं. मग ती चिमुकली बाटली उघडून हुंगली. वासच नाही! ज्या तेलाला वास नाही ते तेल कसलं? त्यांनी आपली नेहमीची कुपी उचलली, लांब चोचीची, जिच्यातल्या थेंबांनी अख्ख्या शहराच्या मशिनी धावत होत्या. दोन थेंब नळीत घातले. मग मायेनं आणखी दोन.

बायको चहा घेऊन आली. “माझ्या गुडघ्यांना कधी असं तेल लावलंत?”

“तुझे गुडघे बोळीत थोडेच शिरायचेत!”

“शिरतील एक दिवस. बघाच,” बायको म्हणाली, आणि जाताना बंदुकीला म्हणाली, “सवती, सांभाळून गं बाई. हा माणूस वाजेल ते उघडून बसतो.”

रविवार उजाडेपर्यंत मास्तरांच्या पायांना जमीन लागत नव्हती. बंदूक त्यांनी पँटच्या कापडात गुंडाळून नेली. खेळाआधी सगळे एका भिंतीपाशी दोन-चार गोळ्या झाडून बघतात, पण मास्तर तिकडे फिरकलेच नाहीत. ताईला दिसली असती ना! शिट्टी होईपर्यंत ते आपलं बाळ कुशीत घेऊन एका खांबाआड उभे राहिले.

शिट्टी झाली. मास्तर बोळीत शिरले. काय शिरले! खांदे सुटसुटीत, नळी छातीशी, फळ्यांना कुठं धक्का नाही. वय पायांतून गळून पडत होतं. वळण आलं. या वेळी नळी आधी पोचली नाही; मास्तर आणि बंदूक दोघं हातात हात घालून पोचले. पिंपाआड ताईची पाठ. मोठीच्या मोठी, बेसावध पाठ! तीच पाठ!

मास्तरांनी चाप ओढला.

आत मोटर गुर्र झाली, आणि नळीच्या तोंडातून एक गोळी बाहेर आली. आली म्हणजे काय, घरंगळली. लहान मुलानं तोंडातली बी थुंकावी तशी, टप्प करून मास्तरांच्याच बुटापाशी पडली.

ताई वळली. मास्तरांनी पुन्हा चाप ओढला. टप्प. पुन्हा. टप्प, टप्प.

ताईनं आपली बंदूक उचलली होती, ती तशीच हवेत राहिली. मुखवट्याच्या जाळीआडून आधी एक खुसखूस आली, मग एक हुंदक्यासारखं काहीतरी, आणि मग तिनं चक्क सूर लावला:

“माझ्या या भावाची, बंदूक ती काळी,
गोळी निघे भोळी, पायापाशी!”

“ताई, गाऊ नकोस!”

“कशी गाऊ नको? पुन्हा ओढ ना, पुन्हा ओढ!”

मास्तरांनी संतापून ओढला. ही गोळी जरा उत्साही निघाली. फरशीवर पडली, एक टप्पा घेतला, दुसरा घेतला, लुटुलुटु गेली आणि ताईच्या बुटाच्या टोकाला टेकून थांबली. तिच्याकडे बघता बघता ताई हसून हसून भिंतीवरून घसरली आणि खाली बसली. एक हात पोटावर, दुसरा हळूहळू वर गेला.

“लागली!” ती म्हणाली.

मास्तर थिजले. “काय?”

“लागली म्हणते. बाद झाले मी.”

जन्मभर ज्या शब्दासाठी जीव टाकला तो असा समोर येऊन बसला होता. आणि मास्तरांच्या तोंडून काय निघावं?

“नाही लागली!”

“अरे, लागली!”

“टप्पा खाऊन आलेली धरत नाहीत! नियम आहे!”

“बूट माझा, पाय माझा! मला कळत नाही होय?”

“तुला कधी कळलंय? नाही म्हणजे नाही लागली!”

आवाज ऐकून भाची धावत आली. “आता काय झालं?”

“ही म्हणते लागली!”

“हा म्हणतो नाही लागली!”

भाचीनं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं, मग डोकं धरून एका खोक्यावर बसली. तिनं शिट्टी फुंकली, डाव थांबवला. सगळ्यांनी बंदुका खाली ठेवल्या, तेव्हा कुठं चष्मे-मुखवटे उतरले. तिनं मामाची बुलपप उचलून हुंगली. “मामा, हिला शिलाई मशीनचा वास येतोय.”

मास्तर उतरवलेला चष्मा पुसू लागले.

“रबर फुगलं असेल आतलं. नवं बसवू, दहा मिनिटांचं काम आहे. पण ही ‘लागली’ धरायची की नाही, तेवढं सांगा.”

“नको धरू,” मास्तर म्हणाले. त्यांचा आवाज एकदम लहान झाला, बाहीनं नाक पुसण्याइतका लहान. “मला दयेची नको. खरी हवी होती.”

ताई हसायची थांबली. घामेजलेले पांढरे केस कपाळावरून मागं सारून ती भावाकडे बघत राहिली. मग फरशीवर शेजारची जागा थोपटली. मास्तर कुरकुरत टेकले.

“ऐक,” ती म्हणाली. “मागच्या रविवारची खांद्यात लागली होती. त्याच्या आधीची कानामागं, दोन दिवस त्या कुशीवर निजता आलं नाही. आणि तो चेंडू? दर वेळी लागायचा. एकदासुद्धा चुकला नाहीस तू.”

“मग म्हणत का नव्हतीस?”

“तू कुणालाही बाद केलंस की लगेच घरी पळायचास, आईला सांगायला. डाव तिथंच मोडायचा.” ताईनं बुटापाशी पडलेली ती गोळी उचलून त्याच्या तळहातावर ठेवली. “मी ‘लागलं’ म्हटलं असतं, तर एवढ्या मोठ्या गल्लीत मी एकटी कुणाशी खेळले असते रे?”